पगार वाढला, काम तेच, मग रविवारी संध्याकाळी छातीत धडधड का होते?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते. वय ४७, नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत २३ वर्षं मेंटेनन्सला, तीन वर्षांपूर्वी कंपनी दुसऱ्यांनी घेतली. पगार वाढलाय, शिफ्ट त्याच आहेत, बऱ्याचशा मशीनही त्याच. तरी गेलं वर्षभर रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागतच नाही, मुलावर कारण नसताना ओरडणं होतं, मित्रांसोबतची रविवारची मिसळ बंद झालीय. त्या मित्रांपैकी एकाने गेल्या वर्षी व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता तुमच्याही हातात तसंच पत्र आहे आणि महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचंय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "मॅडम, बाकीचे करतातच ना काम, मग मीच कच्चा निघालो का?"

नाही दादा, तुम्ही कच्चे नाही निघालात. पण नुसतं एवढं ऐकून तुम्हाला झोप लागणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. मी समुपदेशक आहे, १९ वर्षं झाली, त्यातली बरीचशी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत जाऊन कामगारांशी आणि सुपरवायझर लोकांशी बोलण्यात गेली, आणि संध्याकाळी गंगापूर रोडला जे भेटायला येतात त्यात बँकवाले, आयटीवाले, शाळेतल्या मॅडम सगळे असतात. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्यात.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य मध्येच येऊन गेलं, तुम्ही कदाचित सहज लिहिलं असेल. "पूर्वी लाईनवरून चालत जायचो आणि स्पिंडलचा आवाज ऐकून सांगायचो की बेअरिंग जाणारे, आता टिकीट पडल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही." टिकीट म्हणजे दुरुस्तीची नोंदवलेली मागणी. मला तर वाटतं तुमचं सगळं दुखणं त्या एका वाक्यात आहे, धडधड आणि चिडचिड हे त्याचे फाटे.

बघा, नोकरीला लागताना आपण ऑर्डरवर सही करतो, त्यात पगार, रजा, शिफ्ट सगळं असतं. पण त्याच्या मागे अजून एक करार असतो जो कुठेच लिहिलेला नसतो. मी रात्री-अपरात्री ब्रेकडाऊनला धावत येईन, दिवाळीत बोलावलं तरी येईन, मशीन माझी समजून सांभाळीन, आणि तुम्ही माझ्या शब्दाला किंमत द्याल, पोरीच्या लग्नाला अडलं तर उभे राहाल, मंदी आली तर पहिला हात माझ्यावर टाकणार नाही. अभ्यासक लोक याला मानसिक करार म्हणतात, डेनिस रूसो नावाच्या बाईंनी १९८९ मध्ये यावर नीट मांडणी केली. हा करार मोडला तर लेबर कोर्टात जाता येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मोडला हे तुम्हाला कुणी येऊन सांगतही नाही. मशीन तीच, गेट तेच, कॅन्टीनचा चहा तोच, फक्त कशाला शाबासकी मिळते आणि कशाला मिळत नाही ते बदललेलं असतं. मग माणूस जुन्याच हिशोबाने राबत राहतो आणि आधी जिथे मान मिळायचा तिथे आता प्रश्न यायला लागतात की टिकीट नसताना तू तिथे काय करत होतास. एकदा, दोनदा, दहादा असं झालं की तो "यांचा हिशोब बदलला" असं म्हणत नाही, "माझंच काहीतरी चुकतंय" असं म्हणायला लागतो. ही जी शरम आहे ना, ती कामाच्या ताणापेक्षा जास्त खाते असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. थकवा एका सुट्टीत थोडा तरी उतरतो, शरम सुट्टीत घरी येते.

एक प्रसंग सांगते. सातपूरच्या एका कंपनीत मी कितीतरी वर्षं खंडेनवमीला जायचे. आदल्या दिवशीपासून मशीन धुणं-पुसणं चालायचं, झेंडूच्या माळा, प्रत्येक मशीनला हळद-कुंकू, नारळ, घरच्यांना आत यायची परवानगी. एक ऑपरेटर आपल्या सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या सीएनसी मशीनसमोर उभं करून सांगत होता, "ही पप्पांची मशीन." नवीन मॅनेजमेंटने सेफ्टीचं कारण देऊन ते बंद केलं आणि गेटजवळ एकच सामूहिक पूजा, पंधरा मिनिटांत आटपायची असं ठरवलं. कारण खोटं नव्हतं हो, शॉप फ्लोअरवर लहान मुलं असणं धोक्याचंच आहे. पण त्या वर्षी त्या ऑपरेटरने मला विचारलं, "मॅडम, मग आता ही मशीन कुणाची?" याचं उत्तर द्यायला कुणी बसलंच नाही. दोन मिनिटं कुणीतरी समजावून सांगितलं असतं, पूजेचं दुसरं काहीतरी बसवलं असतं, तर तो माणूस इतका तुटला नसता.

आता थोडं शास्त्राचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात बर्नआऊटची व्याख्या घातली आणि तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे असं लिहिलं. तीन खुणा दिल्यात, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं, त्यांनी आणि मायकेल लायटर यांनी मिळून सांगितलं की माणूस आणि काम यांचं सहा ठिकाणी बिनसू शकतं. कामाचा बोजा, हातातलं नियंत्रण, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. आपल्याकडे चर्चा सगळी पहिल्यावरच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या चेअरमनचं ९० तासांचं बोलणं गाजलं, घरोघरी तेच चाललं होतं. तास महत्त्वाचे आहेतच, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त असतो हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलंय, आणि आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली ती उगाच नाही. पण तुमचे तास वाढलेले नाहीत. तुमचं बिनसलंय ते नियंत्रणाच्या आणि मूल्यांच्या जागी, म्हणून "एवढा काय ताण आहे तुला" असं घरचे म्हणतात तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

याच जागी एक गृहस्थ अडकले होते, ते मला फार शिकवून गेले. फायनल इन्स्पेक्शनला २८ वर्षं. बोलताना त्यांचा अंगठा माझ्या टेबलाच्या कडेवरून सारखा फिरत असायचा, मला आधी वाटलं अस्वस्थपणा आहे, मग कळलं ते बर तपासतायत, म्हणजे धातूच्या पीसच्या कडेला राहिलेली खरखरीत धार, आयुष्यभर पीसच्या कडेवर अंगठा फिरवून ती राहिलीय का बघायची सवय. ते म्हणाले, "आधी मी लाल बिनमध्ये, म्हणजे नापास मालात, पीस टाकला की साहेब विचारायचे का टाकला. आता विचारतात डिस्पॅच कधी जाणार." डेव्हिएशनच्या, म्हणजे मापात न बसलेला पीसही चालवून घ्यायच्या, कागदावर सही करा, कस्टमरने कुठे पकडलंय, असं चालायचं. ते सही करायचे. चार-सहा महिन्यांत पोटाचा त्रास सुरू झाला, एंडोस्कोपी नॉर्मल, आणि मग रात्री उठून दाराची कडी तपासायला लागले, आधी एकदा, मग चारदा, मग गॅसही. दिवसा जे नीट तपासू दिलं जात नव्हतं ते बिचारे रात्री घरात तपासत होते. त्यांना मी सायकॅट्रिस्टकडे पाठवलं, गोळ्या चालू झाल्या, त्याने आराम पडला. पण खरा फरक पडला तो त्यांनी साहेबांकडे एक छोटी गोष्ट मागितली तेव्हापासून. पीस पास करायचा निर्णय तुमचा, पण माझ्या तपासणीत काय आलं ते रजिस्टरला माझ्या अक्षरात लिहू द्या आणि खाली पास करणाऱ्याची सही घ्या. साहेब तयार झाले, मला वाटतं त्यांच्याही डोक्यावरचं ओझं त्याने थोडं हललं असेल. तिसऱ्या आठवड्यापासून कडी तपासणं कमी झालं.

हे फक्त कारखान्यात होतं असं नाही. एक २७ वर्षांची मुलगी, प्रायव्हेट बँकेत, सकाळी सव्वानऊला हडल म्हणजे छोटी मीटिंग, काल किती विमा पॉलिसी लॉगिन केल्या ते सगळ्यांसमोर सांगायचं. एफडी रिन्यू करायला आलेल्या एका रिटायर्ड गुरुजींना तिने दहा वर्षं प्रीमियम भरायची पॉलिसी दिली. फॉर्मवर जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुल्या करून दिल्या, गुरुजींनी वाचलंसुद्धा नाही, म्हणाले, "तू आहेस ना बाळा." त्या दिवसापासून तिला सकाळी ब्रश करताना उलटी व्हायची. मी पहिल्या दोन भेटींत तिला श्वासाचे व्यायाम, झोपेचं वेळापत्रक वगैरे दिलं आणि ते चुकीचं होतं, चुकीचं म्हणजे अपुरं, कारण तिची भीती आजारातून आलेली नव्हती, तिचं मन तिला खरं तेच सांगत होतं आणि मी त्याला शांत बसवायला निघाले होते. तिसऱ्या भेटीत आम्ही दिवस मोजले. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तिने गुरुजींना फोन करून ते सांगितलं. गुरुजींनी पॉलिसी परत केली, तिला ब्रँचमध्ये बोलणी बसली, पुढे तिने कमी पगारात बॅक ऑफिसची नोकरी धरली. उलट्या मात्र त्या फोननंतरच्या आठवड्यातच थांबल्या होत्या.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर जुनं सगळं सोनं होतं असा समज होईल आणि तसं अजिबात नाही. "आपली कंपनी म्हणजे कुटुंब" या मूल्याखाली कितीतरी गोष्टी दडपल्या गेल्यात. असेंब्लीतल्या एका ताईंना सुपरवायझरचा त्रास होता, सगळे म्हणायचे आपलाच माणूस आहे, सांभाळून घे, आठ वर्षं त्यांनी सांभाळून घेतलं. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, पण त्यांच्या कंपनीत ती खऱ्या अर्थाने बसली ती मॅनेजमेंट बदलल्यावर. त्यांच्या मनाला नव्या मूल्यांनीच उभारी दिली. आणि तुम्ही कंपनीतल्या ज्या नव्या पोराबद्दल लिहिलंय, जो शिफ्ट सुटली की एक मिनिट थांबत नाही, त्याच्यावर एवढे रागावू नका. तसली पोरं माझ्याकडेही येतात. त्याला ट्रेनी म्हणून घेतलंय, मुदत संपल्यावर ठेवतील की नाही माहीत नाही, तुम्हाला जो अलिखित करार मिळाला होता तो त्याला कुणी देऊच केला नाही, मग तो जीव कुणासाठी टाकणार? तुमचं दुःख काहीतरी गेल्याचं आहे, त्याचं कधी मिळालंच नसल्याचं.

मॅनेजर लोक हे वाचत असतील तर त्यांना एवढंच म्हणेन की बदल करा, पण आतापर्यंत कशाला किंमत होती आणि उद्यापासून कशाला असेल हे माणसाला समोर बसवून, त्याच्या भाषेत सांगा. वर्षातून एकदा १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, वेबिनार आणि हेल्पलाईनचं पोस्टर एवढ्यावर भागत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही कामाची रचना सुधारणं आणि मॅनेजरना प्रशिक्षण देणं यावर भर देतात.

आता तुमचं. सगळ्यात आधी ईसीजी काढा, बीपी, शुगर, थायरॉइड बघून घ्या, ४७ व्या वर्षी छातीतली धडधड मनाची आहे असं मी नुसतं वाचून ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका. सिव्हिलला किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण याच आठवड्यात. रात्री झोप यावी म्हणून एक-दोन पेग घेत असाल तर ते बंद करा, दारूने झोप लवकर लागते पण मध्यरात्रीनंतर तीच झोपमोड करते, पहाटे तीनची जाग त्यातूनही येते. मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने आणू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशात मन रमत नसेल, भूक-झोप बिघडली असेल तर सायकॅट्रिस्टला दाखवायचं, त्यात कमीपणा काही नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांची चटक लागत नाही, फक्त मनाने अचानक बंद करायच्या नसतात. आणि हे मी सगळ्यांना सरळ विचारते तसं तुम्हालाही विचारते, जगून काय उपयोग असा विचार येतो का? येत असेल तर थांबू नका, आजच घरात कुणाला तरी सांगा आणि टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मग कंपनीचं. आठ दिवस एक काम करा, शिफ्ट सुटल्यावर बसमध्येच मोबाईलवर दोन ओळी लिहा की आज नेमकं कुठे टोचलं. "आजचा दिवस बेकार" असं नको, "दुसऱ्या लाईनच्या कन्व्हेयरचा आवाज बदललाय सांगितलं, म्हणाले टिकीट टाक" असं लिहा. आठ दिवसांनी तुम्हालाच दिसेल की दहापैकी सहा-सात वेळा टोचणारी गोष्ट एकच आहे. मला काय वाटतं ते आत्ताच सांगते. तुमच्या कानाने जे कळतं त्याला नव्या लोकांच्या भाषेत प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणतात. बेअरिंग जायच्या आधी थरथर बदलते ती पकडायला कंपन्या पैसे मोजून व्हायब्रेशन सेन्सर बसवतात. म्हणजे तुमच्या मूल्याची किंमत गेलेली नाही, ते ज्या भाषेत सांगावं लागतं ती भाषा बदललीय आणि ती तुम्हाला कुणी शिकवली नाही. एक वही घाला. तारीख, मशीन नंबर, काय ऐकलं, काय होणार वाटतं, आणि पुढे खरंच काय झालं. महिनाभराची नोंद घेऊन साहेबांकडे जा आणि एकच मागणी करा, रोज अर्धा तास राऊंडची परवानगी आणि त्या राऊंडवरून टिकीट टाकायचा अधिकार. देतीलच असं मी म्हणत नाही. पण नाही म्हणाले तर ते कशाला नाही म्हणाले हे तुम्हाला स्वच्छ कळेल, आज तेच कळत नाहीये.

राहिली व्हीआरएस. पहाटे तीनच्या मनाने तिच्यावर सही करू नका. अशा अवस्थेत माणसाला फक्त सुटका दिसते, पुढचा महिना दिसत नाही. एचआरला लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा, तब्येतीचं कारण द्या, ते खरंच आहे. तोवर हिशोब कागदावर मांडा. ग्रॅच्युइटी म्हणजे तिच्यासाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं, ही तुम्हाला व्हीआरएस न घेताही मिळणारीच आहे, ती व्हीआरएसच्या आकड्यात मिसळून दाखवलीय का ते बघा. पीएफची पेन्शन पूर्ण मिळते ५८ ला, ५० नंतर लवकर घेता येते पण दर वर्षामागे ४ टक्के कमी होते, तुम्ही ४७ चे आहात म्हणजे मध्ये तीन वर्षं त्यातलं काहीच नाही. कंपनीचा मेडिक्लेम कधी बंद होणार ते विचारा, मुलाची दोन वर्षांची फी मांडा. आणि पैशांचा हिशोब जमला तरी दुसरा प्रश्न उरतोच, की तुम्हाला काम सोडायचंय की काम ज्या पद्धतीने करावं लागतंय ते सोडायचंय, कारण मेंटेनन्सच्या माणसाला अंबड-सातपूरमध्ये छोट्या युनिटवाले शोधत असतात आणि तिथे अजून कानावर विश्वास ठेवणारे मालक आहेत.

मला भेटायला याल तेव्हा ते पत्र आणा, रिपोर्ट आणा आणि वहिनींनाही आणा, त्यांनी या वर्षात काय पाहिलंय ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आणि येत्या रविवारी मिसळीला जा. बोलावंसं वाटणार नाही, तरी जाऊन बसा. ज्या मित्राने गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली त्याच्या शेजारी बसा आणि किती पैसे मिळाले ते विचारू नका, सोमवारी सकाळी दहा वाजता तो कुठे असतो आणि काय करत असतो, ते विचारा.